बुडबुडे

एक बुडबुडा वर यायचा, झाकणाच्या मोठ्या भोकाशी फुटायचा, की त्यामागून दुसरा... रंगाच्या जुन्या बादलीत माशांच्या टाकीतला छोटा पंप सोडलेला होता, आणि पारुबाई खाटेवरून बघत होती की हे थांबतं कधी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीनं तिला हिंगोलीत, या तिसऱ्या मजल्यावर आणलं त्याला दोन महिने झाले होते. बादलीत माती नाही, ढेकूळ नाही. नुसतं खताचं पाणी, आणि झाकणात बसवलेल्या, खडी भरलेल्या दोन पेल्यांत टोमॅटोची दोन रोपं. जन्मभर पुसेगावच्या काळ्या रानात राबलेल्या बाईला हा पोरखेळच वाटला होता.

सकाळी ड्युटीला निघताना लेकीनं, पुजानं, झाकण अलगद उचललं आणि आईला हाक मारली. "याडी, बघ."

खाली मुळं लोंबत होती. पांढरी, शेवयांसारखी, चिखलाचा डाग नसलेली. पन्नास वर्षं पिकं काढूनही पारुबाईनं जिवंत मूळ असं निवांत बघितलं नव्हतं — मूळ दिसायचं ते उपटल्यावर, मरताना. आणि एकदा... सहा वर्षांची पुजा, तांड्यामागच्या रानात कपाशीचं रोप उपटून बसलेली. काहून उपटलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, खाली काय असतं ते बघून राहिले. तेव्हा धपाटा खाल्ला होता तिनं. आणि आता न उपटता बघायची वाट शोधून काढली होती पोरीनं.

"मुळांना श्वास लागतो. बुडबुडे त्याच्यासाठीच," पुजा म्हणाली आणि दार ओढून गेली.

अकराच्या सुमाराला लाईट गेली. पंखा थांबल्याचं तिला कळलंही नाही, कळलं ते बुडबुड्यांचं. पाणी मुकं झालं. तिनं थोडी वाट पाहिली, मग शेजारच्या द्वारकाबाईला हाक मारली, तर भिंतीपलीकडून उत्तर आलं, "दुपारपर्यंत न्हाई येत म्हणून राहिले."

दुपारपर्यंत... एवढा वेळ श्वास कोंडून? वॉकर धरून ती उठली. ओट्यावरची रवी घेतली, मोठ्या भोकातून आत सोडली, आणि ताक घुसळावं तशी, पण मुळांना लागू नये म्हणून कडेकडेनं, घुसळू लागली. फेस आला. हात दुखला की थांबायची, पुन्हा घुसळायची. आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की बादली स्टुलावर आहे, बराबर कमरेइतकी. वाकावं लागत नाही, उकिडवं बसावं लागत नाही. आता रानात बसून काम करणं नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी पुजा काही न बोलता ही बादली घेऊन आली होती — किती लांबचं बघते ही पोर, आणि बघितलं ते सांगतसुद्धा नाही...

दोन वाजता पंप गुरगुरला. तरी ती तिथंच उभी होती.

संध्याकाळी पुजानं ओली रवी पाहिली. "लाईट गेली होती?"

"व्हय."

"मग तू...?"

"घुसळलं जराजरासं. जीव हाये त्याइला."

पुजा मोरीपाशी जाऊन तोंड धुऊ लागली. चांगल्या बैलाचं, भरल्या बोंडांचं कौतुक पारुबाईनं आयुष्यभर तोंडभरून केलं होतं. लेकराचं करायचं नसतं, दृष्ट लागते, म्हणून ते कधी केलंच नव्हतं, आणि आता करावं तर कुठून सुरुवात करायची हेच ठाऊक नव्हतं. तांड्यावरच्या बोलीतले, गोरमाटीतले शब्द आठवून पाहिले, मग मराठीतले — एकही पुरा पडेना. पण सांगायची ओढ मनातून हटेनाही.

"पुजा..."

ओल्या चेहऱ्यानं पुजा वळली आणि वाट बघत राहिली.