कुंदाचे पान

माघ उतरणीला लागला की कृष्णाकाठी ऊन पिवळे होते. शिजवलेली हळद खळ्याखळ्यांवर पसरते, हळकुंडे सुकत पडतात, आणि त्यांचा उग्रमधुर गंध गल्लीबोळांतून, दारांतून, माणसांच्या धुतल्या कपड्यांतून हिंडत राहतो. झाडे ओकीबोकी, नदी कृश, आभाळ नितळ; आणि त्या साऱ्या ओकेपणावर हे हरिद्रावर्णी, हे उधळे, हे हात न राखता सांडणारे ऊन. दुपारी ते सांगलीत कुमुदताईंच्या जेवणाच्या टेबलावर यायचे. त्या टेबलावर ताटे कमी आणि फोटोच जास्त मांडलेले असत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका भजनाला लागतात. कुमुदताई चिकटवहीला लागल्या. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात डिंकाची बाटली. जाड काळ्या कागदांच्या थोरल्या वह्या; त्यांत फोटो, फोटोशेजारी शालूच्या जरीची चिंधी, नातवाच्या पहिल्या कुंचीची लेस, दाबून सुकवलेला सोनचाफा. जे जे निसटते ते ते धरावे, जे जे धरले ते ते चिकटवावे, असा त्यांचा हट्ट. नवरा पाहुण्यांना म्हणायचा, "हिच्याजवळ फार वेळ बसू नका, तुम्हालाही चिकटवून टाकील." कुमुदताई हसायच्या आणि पाहुण्यांचा फोटो काढून घ्यायच्या.

नियम एकच. चेहऱ्याखाली नाव हवे. पांढऱ्या शाईने, फळ्यावरच्या त्या गोल, शहाण्या अक्षरात. बिननावाचा चेहरा त्या वहीत घेत नसत.

आणि एक पान काळेच राहिले होते. रिकामे, निःशब्द, अमावास्येच्या पाण्यासारखे. वहीतली पुढची पाने भरत गेली, मागची भरून गेली, हे मात्र तसेच. ते कुंदाचे पान होते.

कुंदा म्हणजे कुमुदची जुळी बहीण. घटकाभराने धाकटी. एका ताग्यातले फ्रॉक, एका वाटीतले तेल, एका पांघरुणातली झोप. नाक तेच, हसू तेच, हट्टही तोच. पाचव्या वर्षी ताप आला आणि कुंदा गेली. उरली ती कुमुद. घरात त्यानंतर एकच फ्रॉक वाळत पडायचा.

दोघींना ओळखायची खूण आईने काढली होती. न्हाऊ घातले की काजळाची तीट लावायची: थोरल्या कुमुदच्या उजव्या गालावर, धाकट्या कुंदाच्या डाव्या. दृष्टही लागायची नाही आणि घोटाळाही व्हायचा नाही. एका तिटेत दोन कामे उरकणारी बाई ती. 'उजवी ती कुमुद, डावी ती कुंदा,' हे ती मरेपर्यंत सांगत राहिली.

फोटो दोनच होते, एकाच दिवशीचे. एकात दोघी हातात हात घालून उभ्या. दुसऱ्यात एकटीच मुलगी, स्टुलावर बसलेली, ओठ घट्ट मिटलेली. फोटोवाल्याच्या काळ्या बुरख्याला घाबरून दुसरी म्हणे पळून गेली होती. एकटीच्या उजव्या गालावर तीट होती. म्हणजे कुमुदच. म्हणजे कुंदाचा तिचा असा एकही फोटो नव्हता.

हे कुमुदताईंना आतून खात असे. एक मुलगी पाच वर्षे या जगात हसली, रडली, पडली, रुसली. आणि तिचे स्वतःचे म्हणावे असे चित्रसुद्धा उरू नये? आपण मात्र दोघींच्या वाटचे जगलो, दोघींच्या वाटचे फोटो काढून घेतले. त्यांना लाज वाटायची. बहिणीच्या ताटातले खाल्ल्यासारखी लाज.

त्या माघात लेक आली, ऋजुता. आईच्या शेजारी बसून जुने फोटो बघता बघता ती थबकली.

"आई, जोडीच्या फोटोत दोघींचा खिसा डावीकडे आहे. या एकटीचा उजवीकडे कसा?"

फ्रॉक तोच, फुले तीच, झालर तीच. खिसा मात्र पलीकडे.

"उलटा छापलाय हा," ऋजुता म्हणाली. "फोटोवाल्यानं छापताना निगेटिव्हची काच उलटी धरली असणार. डावं ते उजवं झालं."

डावे ते उजवे. म्हणजे तीट डावी. म्हणजे ही कुमुद नव्हे. स्टुलावर बसलेली, ओठ मिटलेली, एवढी वर्षे आपल्या नावाने आपल्याकडेच बघत राहिलेली ही मुलगी, ही कुंदा. कुमुदताईंना इतका आनंद झाला की आधी त्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी पांढऱ्या शाईची दौत उघडली.

तेवढ्यात लेकीचा आवाज आला, जरासा चाचरत. "पण आई, उलटा नक्की कुठला? हा की तो जोडीचा?"

झाले. टाक तसाच वर राहिला. जोडीचा उलटा असेल, तर हा सुलटा. हा सुलटा असेल, तर ती पुन्हा कुमुद. फ्रॉक केव्हाच पोतेऱ्यात गेलेले, शिंपी गेलेला, फोटोवाला गेलेला, आई गेलेली. खिसा कुठल्या बाजूला होता हे सांगायला या भूतलावर कोणी उरले नव्हते.

मग दिवसच्या दिवस तो घोळ. कुंदा की कुमुद, कुमुद की कुंदा. भात ढवळताना तेच, देवाला फूल वाहताना तेच. आरशासमोर उभे राहून कुमुदताई उजवा गाल चाचपायच्या आणि आरशातली बाई डावा चाचपायची. कोण खरी? छायेने छायेला विचारावे आणि दोघींनीही मान हलवावी, असला तो संभ्रम. नवरा म्हणाला, "अगं, लिहून टाक काहीतरी, कोण बघायला येतंय?" कुमुदताई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटी चंपूमावशी आठवली. आईची पाठची बहीण, लग्नाआधी बहिणीच्या घरी राहून दोघींना अंगाखांद्यावर खेळवलेली, आता नव्वदीची. नदीपलीकडच्या गावात पुतण्याकडे असायची. ऋजुताने आईचा कॅमेरा गळ्यात घातला, कुमुदताईंनी फोटो पदरात घेतले, आणि दोघी निघाल्या.

गावभर हळद वाळत होती. अंगण पिवळे, ओसरी पिवळी, मावशीच्या पांढऱ्या केसांवरही पिवळी झाक. घरची माणसे खळ्यावर गेलेली. मावशीने फोटो डोळ्यांशी नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. मग बोळके पसरून हसली.

"तीट बघून ओळखतेस होय? अगं बाई, ती तीट तर तुम्ही पळवायच्यात."

"म्हणजे?"

"ताईचा, तुमच्या आईचा, नेम होता, दुधावरची साय थोरलीला. मग काय, न्हाणीतनं जी आधी पळत यायची ती उजवा गाल पुढं करायची. मी कुमुद, मी कुमुद. ताई चुलीपुढं, डोळ्यांत धूर. ती आपली लावून मोकळी. रोज थोरली निराळी. लबाड होता दोघी."

कुमुदताईंच्या जिभेवर साय आली, गार, दाट, किंचित धुरकट. साय आठवत होती. कुठल्या नावाने खाल्ली ते आठवेना.

"आईला कळायचं नाही?"

"कळत असेलही. दोन्ही पोटच्याच. कुणी का खाईना साय, असं म्हणत असेल."

ओसरीवर ऊन सरकत होते. कुमुदताईंनी जे विचारू नये ते विचारले. "मावशी, ताप आला त्या दिवशी?"

मावशीने फोटो मांडीवर ठेवले आणि हात त्यांवर पालथा घातला.

"त्या दिवशी एकच उठली. तिनं उजवा गाल पुढं केला."

हजेरीला ज्या नावाने 'हजर' म्हटले, लग्नाच्या पत्रिकेत जे छापले, फळ्यावर, दाखल्यांवर, दारावरच्या पाटीवर जे मिरवले, ते नाव सकाळी लवकर उठल्याबद्दल मिळालेले? की मावशीचे वयच आता बोलत होते, नव्वदीच्या धुक्यात साऱ्या सकाळी एकमेकींत मिसळल्या होत्या? खरे धरावे तर पायाखालची भूमी जाते. खोटे धरावे तर जिभेवरची साय जात नाही. मेली ती कोण, आणि इतकी वर्षे तिच्यासाठी रडली ती कोण? कुमुदताईंना भीती वाटली. लहान मुलीला जत्रेत हात सुटल्यावर वाटते तसली, साधी भीती.

मावशी थकली होती. भिंतीला टेकली, पापण्या मिटल्या. हळदीचा गंध, माश्यांची मंद गुणगुण, लांबून खळ्यावरची कुजबुज. कुठल्या काळातून कोण जाणे, तिने डोळे न उघडता हाक मारली.

"कुंदे, जरा पाणी दे गं."

ओसरीवर तिघींखेरीज कोणी नव्हते. ऋजुताने आईकडे पाहिले. कुमुदताईंनी दाराकडे पाहिले, अंगणाकडे पाहिले, आपल्या सुरकुतल्या हातांकडे पाहिले. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"देते, मावशी."

तांब्या भरला, मावशीच्या मानेखाली हात घातला, भांडे ओठांना लावले. ऋजुताने कॅमेरा डोळ्याला लावला. कळ दाबली. फोटो चांगला आला.

दोघी बहिणींचे ते जुने फोटो आता वहीत शेजारी शेजारी आहेत, नियम मोडून, बिननावाचे. आणि पलीकडचे काळे पान काळे राहिलेले नाही. तिथे पिवळे ऊन आहे, पाणी पिणारी एक जर्जर म्हातारी आहे, आणि तिच्यावर ओणवलेली, पिकल्या केसांची, ओले डोळे असलेली, अडुसष्ट वर्षांची एक बाई आहे. खाली पांढऱ्या शाईत, गोल, शहाण्या अक्षरात लिहिले आहे: कुंदा.