सावलीतली तुळस

पुण्यात लष्करी साहेबांच्या बागा वीस वर्षं सांभाळून चौऱ्याहत्तर साली मी माणात, आमच्या गावी परत आलो. दुष्काळी माणात माळ्याचं काय काम, म्हणून लोक हसले. हसू देत. पाऊस पाडणं माझ्या हातात नव्हतं, झाड निवडणं होतं. वाऱ्याच्या बांधाला मी कण्हेर सांगे, तिला शेळ्या तोंड लावत नाहीत. तापलेल्या अंगणाला सदाफुली. ऊनच येत नाही तिथं पट्ट्यापट्ट्यांच्या उभ्या पानांची नागीण. जागा बघून झाड लावा, एवढंच माझं म्हणणं. पण जागा बघायची कुणाला सवयच नाही, याचा मला फार राग येई.

मार्गशीर्षात मुक्ताबाई वहिनींनी बोलावलं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या आकारामचं लग्न झालं, तेव्हापासून दारातल्या तीन तुळशी वाळल्या होत्या. आकाराम मुंबईला गिरणीत. त्याची बायको विजयमाला, आष्ट्याची, दाराआड उभी होती.

“हिचा पायगुणच वाईट,” वहिनी तिच्यादेखत म्हणाल्या. “चौथी लावून द्या, भावजी. हीबी गेली तर हिला आष्ट्याला धाडनार, कायमची.”

मी वृंदावनात बोट खुपसलं. आत चिखल. भीतीपोटी पोरगी दिवसातून दोन-दोन वेळा पाणी घालत असणार. मग वर बघितलं. दक्षिणेला घरावर नवा मजला, लग्नाच्याच वर्षी चढवलेला. थंडीत वृंदावनावर ऊन म्हणून पडत नव्हतं, आणि बोळातून वारा नुसता भणाणत होता.

“वैनी, हितं तुळस जगायची न्हाई. मजल्याची सावली हाय.”

“माज्या लेकाच्या मजल्याला नावं ठिवता व्हय?”

माझं डोकं फिरलं. “मग आसं करा. दोन रोपं देतो. वृंदावनातलं तुमी सोता सांबाळा, सुनंनं हात लावायचा न्हाई. दुसरं परसात उनाला डब्यात लावतो, त्ये तिचं. म्हैन्यानं बघू.”

वहिनी लगेच कबूल झाल्या. धास्ती मलाच वाटली. परसातलं रोप एखाद्या शेळीनं खाल्लं असतं तरी पोरीचा संसार मोडला असता, आणि पैज माझी. मी डब्याभोवती बाभळीच्या काट्या रोवून घरी आलो.

पौष सरता सरता गेलो. परसातल्या तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या. वृंदावनात काळी काडी उरली होती. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, चेहरा उतरलेला.

“रोज आंगूळ करून पानी घातलं, भावजी. माज्या हातानं तुळस मेली. माजं काय चुकलं?”

त्या खरोखर घाबरल्या होत्या. तरी मला दया आली नाही. पायगुण हा शब्द अगदी माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात विजयमाला पुढं झाली आणि सासूशेजारी बसली.

“आत्याबाई, तुमचं काय चुकलं न्हाई. हितं ऊनच येत न्हाई.”

दीड वर्षात ‘तुझं काय चुकलं न्हाई’ असं तिला स्वतःला कुणी म्हटलं नव्हतं. वहिनींच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तिचा हात धरून त्या मोठ्यानं रडायला लागल्या.