चार लाख कोटींचे मणी

तपासणीला आलेल्या पाहुण्यांसमोर गणिताचा एक तास जमला, तर कंत्राटी शिक्षिका क्षमा दीदींना पक्की नोकरी, पीएफ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळणार होता. मला मिळणार होता ओल्या फडक्याचा एक हात. मित्रांनो, मी शहरातल्या राइट टाउन भागातल्या एका मराठी शाळेतली जुनी मण्यांची पाटी. शिसवी चौकट, आठ तारा, तारेगणिक नऊ मणी. एककापासून कोटीपर्यंत पोरांनी मला झिजवलं; मग मोबाइल आले आणि मी कपाटामागे गेले.

दीदींनी मला बाहेर काढलं. पोरांना दाखवायचं सरकारी कर्ज काही आठ तारांत मावेना, म्हणून सुताराकडून आणखी पाच तारा लावून घेतल्या. पदरच्या पैशांनी.

"समजा, आपल्या राज्यावर चार लाख कोटींचं कर्ज आहे," असं म्हणून त्यांनी तेराव्या तारेवर चार मणी सरकवले.

"बस, चारच?" पाचवीचा वर्ग हसला.

"आणि समजा, माणसं आठ कोटी. आता वाटा बरं." भागाकार झाला. दशहजाराच्या तारेवर पाच मणी आले. "प्रत्येकाच्या डोक्यावर पन्नास हजार."

हसू थांबलं. पुढच्या बाकावरच्या अवंतिकेनं विचारलं, "आमच्या बाळाच्या पण?"

"त्याच्या पण."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात मुख्याध्यापक भय्यासाहेबांनी. टाळीला खर्च येत नाही.

दुसऱ्या दिवशी अवंतिकेनं बाळाचे चांदीचे वाळे दीदींच्या टेबलावर ठेवले. "दीदी, बाळाचं आधी घ्या. बाकीचं हप्त्यानं चालेल ना?"

"अगं वेडे, हे असं फेडत नसतात."

"मग कसं?"

दीदी उत्तर जुळवत होत्या, तोच वाळे गायब झाल्याचा घरून फोन आल्यानं तिचे वडील रामराव कारखान्यातली ड्यूटी सोडून दारात हजर. "काहून जी मॅडम, पगार पुरत नाही का? लेकराच्या पायातलं उतरवून राहिल्या?"

दीदींनी माझ्याकडे बोट दाखवलं. रागावलेल्या बापाची मण्यांकडे बघून समजूत कशी पटावी?

"शाळेत पोरांकडून वसुली चालते, असं गावभर व्हायला नको. चलो, विषय संपवू," भय्यासाहेब म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी संपवली ती दीदींची नोकरी.

मी पुन्हा कपाटामागे आहे. जुन्या वस्तू पुसून ठेवा, हे तर मी सांगणारच. पण मित्रांनो, एखाद्या लेकराला मोठा आकडा खरोखर कळला, तर तो समजावणाऱ्याला दोन वाक्यं पुरी बोलू द्या.

बाकी हिशेब असा: वाळे रामरावांनी परत नेले. भय्यासाहेबांची खुर्ची शाबूत राहिली. राज्याच्या कर्जातला एक रुपयाही हलला नाही. सुताराचे साडेतीनशे आणि पक्की होऊ घातलेली नोकरी, दोन्ही क्षमा दीदींच्याच खिशातून गेलं.