धोंडीरामच्या गोळ्या गिळणारा कोळसा

नाक मुरडू नका, मी कोळसाच बोलतोय. पण चुलीतला नव्हे हं! मी घाटनांदूरजवळच्या एका वस्तीवरच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर रानात उरतात त्या वाळक्या काड्यांचा. माझी भावंडं जळणात गेली. मला सायलीनं उचललं.

सायली शेतीच्या कॉलेजात शिकते. तिनं मला लोखंडी पिंपात ठासून भरलं, झाकण लावलं आणि खालून जाळ घातला. आत हवा नाही, धड जळून राख व्हायचीही सोय नाही. अरे देवा, काय तो कोंडमारा! वर लोखंडाचा क्षार कालवलेल्या तांबूस पाण्यात बुडवून पुन्हा भाजलं. बाहेर आलो तो अंगभर बारीक छिद्रं घेऊनच. "आता कामाचा झालास," म्हणे. आधी काय बिनकामाचा होतो?

काम होतं तिच्या मावशीच्या वस्तीवरच्या विहिरीवर. ही मावशी, वच्छलाबाई, मेंढरं राखते. तिचा नवरा धोंडीराम लई दिवस अंथरुणाला खिळून होता, मग गेला. मागं औषधांची भरलेली पिशवी राहिली. आता या वस्तीची एक रीत आहे. देवाचा जुना फोटो, सुकलेला हार उकिरड्यावर टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. औषधाचंही तसंच. ज्यानं माणूस जगवला ते पायदळी कसं तुडवायचं? वच्छलाबाईनं एकेक गोळी पाकिटातून काढली, हात जोडले आणि विहिरीत सोडली. तिच्या आधी कितीतरी घरांनी सोडल्या होत्या.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. सायलीनं ते बाटलीत नेऊन तपासलं, तर पाण्यात औषधंच औषधं.

"मावशी, हे पाणी पिऊ नको. मेंढरांनाबी पाजू नको."

"मग काय वारा पाजू? दुसरं पाणी हाय कुठं? मेंढरं इकावी लागतील माझी."

पाण्यातलं औषध म्हणजे विहिरीत सोडलेल्या गोळ्याच, हे कळलं तशी वच्छलाबाईनं दोन्ही हात पुढं धरले. "म्या माझ्याच हातानं कालवलं का गं हे? हात जोडून?"

मला फार वाईट वाटलं. इतक्या मायेनं केलेली चूक मी कधी पाहिली नव्हती.

सायलीनं पिंपात खाली खडी, मधे मी, वर वाळू असं भरलं. विहिरीचं पाणी वरून ओतायचं, खालच्या तोटीनं घ्यायचं. औषधाचे अंश आले की माझ्या छिद्रांत चिकटून बसायचे, मी सोडत नव्हतो. पुन्हा तपासणी झाली आणि सायली नाचतच आली. "मावशी, औषध जवळजवळ गेलं बघ!" त्या दिवशी मेंढरं पोटभर पाणी प्यायली. एकही मेंढरू विकावं लागलं नाही.

पण माझंही पोट भरत आलं. सायलीनं मला बाहेर काढून वाळत घातलं. वच्छलाबाईनं गुपचूप मला नव्या फडक्यात बांधलं, वर कुंकू लावलं आणि निघाली थेट विहिरीकडं!

"लई केलंस बाबा. आता पाण्यात सुखानं ऱ्हा."

अगं बाई, नको! धरून ठेवलेलं सगळं परत पाण्यात सुटलं असतं. ओरडायला मला तोंड कुठंय?

सायली मेंढरांच्या वाड्यातनं पळत आली. "मावशी, थांब! समद्या गोळ्या त्याच्याच पोटात हायत!"

"मग काय उकिरड्यावर टाकू? का म्हणून टाकू? त्यानं माझी मेंढरं वाचिवली."

"उकिरडाबी न्हाई, पाणीबी न्हाई. वीटभट्टीत घालू. मोठ्या आगीत औषध मरतं."

वच्छलाबाईनं फडकं छातीशी धरलं. "आमच्या मालकांनाबी अग्नीच दिला," ती म्हणाली. "चल, ह्यालाबी देऊ."

म्हणून मी आता परमेश्वर नावाच्या वीटवाल्याच्या भट्टीत आहे. पिंपात नवा कोळसा बसलाय. माझी एवढीच विनवणी, त्याच्यावर भार टाकू नका. उरलेल्या गोळ्या पाण्यात सोडू नका, त्यांचं काय करायचं ते दवाखान्यात विचारा. हात जोडायचेच असतील तर तिथं जोडा.

भट्टीचं तोंड लिंपायला घेतलंय. वच्छलाबाई डोळ्याला पदर लावून उभी आहे. बाई, रडू नको गं. ऊन चढलंय, मेंढरं तहानली असतील. जा, त्यांना पाणी पाज.