अंधाऱ्या खोलीवरची पाळत

धाकट्या जावेला तळघरातल्या शेतात नोकरी लावून दिली ती थोरलीनेच, आणि त्याच दिवसापासून संशयाचं भूत तिच्या मानगुटीवर बसलं. वर गाड्या उभ्या असायच्या आणि खाली दोन मजले मांडण्यांवर स्ट्रॉबेरीची रोपं. माती नाही, ऊन नाही. नुसते दिवे आणि नळ्यांतून फिरणारं खताचं पाणी. त्यातल्या एका खोलीचं पाणी कालवायचं काम धाकटीकडे आलं. घरी ही बाई मीठसुद्धा अंदाजपंचे टाकणार, ती इथे काय मापात राहणार? आणि बिघडलं तर शिफारस करणाऱ्या थोरलीचंच नाक कापलं जाणार.

थोरली पॅकिंगला होती. दुपारी सगळे जेवायला गेले की धाकटीच्या खोलीतले दिवे बंद असत. रोपांची रात्र दुपारीच व्हायची. ती वेळ साधून थोरली रोज आत शिरायची. मोबाइलचा टॉर्च लावून मांडणी न् मांडणी बघायची, पानं उलटीपालटी करायची, टाकीतलं पाणी हुंगायची. काही सापडत नसे. मग तिला वाटायचं, ही दिसते त्याहून पोचलेली आहे.

पुढे शेजारच्या खोलीत फुलं आली, धाकटीच्या खोलीत कळी म्हणून दिसेना. थोरलीला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. तिने साहेबांच्या कानावर घातलं, "खतच चुकतंय तिचं. घरातली आहे म्हणून पाठीशी कसं घालू?"

धाकटीला काढायचं जवळजवळ ठरलंच. तेवढ्यात साहेबांनी बोलावलेला तंत्रज्ञ आला. त्याने सगळ्यांसमोर टाकी तपासली.

"पाणी अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "या जातीला फुलायला लांब, सलग रात्र लागते. मध्येच उजेड पडला की ती फुलायची थांबते. अंधारात कोणी दिवा लावतं का इथे?"

थोरलीने हातातला मोबाइल हळूच पदराआड केला.

"जेवून परतताना दाराच्या फटीतून उजेड दिसायचा रोज," धाकटी सरळपणे म्हणाली. "पण आत ताई असायच्या, मग विचारायचं काय? मला वाटलं, मी नवीन आहे, माझं काही चुकलं असेल तर त्या गुपचूप निस्तरून घेतायत."