मे महिन्याचा बुटका खांब

जुलैत वीज कार्यालयाचे साहेब आले ते थेट आमच्या दारात. हातात अकरा घरांची यादी, पहिलं नाव आमचं. पोंभुर्ण्याच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर घरघरतात, मग मे महिन्यात तुमचा वापर इतका कमी कसा, असं त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहताच, मीटरमध्ये छेडछाड आहे, आज काढून नेतो, चोरीचा गुन्हा लागेल, हेही सांगून टाकलं. दोन बल्ब, एक पंखा आणि एक कूलर असलेल्या घरावर चोराचा शिक्का!

माझ्या सासूबाई, केसरबाई, सूप बाजूला ठेवून उठल्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण बिलावर छापलेले बारा महिन्यांच्या वापराचे खांब बरोबर वाचतात. दर महिन्याला मला कामावरून उठवून ऐकवतात: हा ऑक्टोबरचा, तुया बाळंतपणाचा, पंखा रातंदिवस. हा थंडीचा, पंखा बंद. मला त्याचा भारी कंटाळा यायचा.

"साहेब, मे मध्ये आमी बिडीचा तेंदूपत्ता तोडाले गडचिरोलीकडे होतो," त्या म्हणाल्या. "घराले कुलूप. कुलपाले कूलर लागते का?"

असं सगळेच सांगतात, साहेब म्हणाले. मग सासूबाईंनी मला बिलं गोळा करायला पिटाळलं. शेजारची बायनाबाई आली, मंगली आली, सगळा मोहल्लाच आला. अंगणात बिलं मांडून त्यांवर खडे ठेवले. ओळीनं सगळ्यांचा मे बुटका. एकाच बिलावर तो उंच होता आणि साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

ते बिल खुशालभाऊंचं, किराणा दुकानवाल्यांचं. तेही गर्दीत होतेच.

"मी पत्त्याले जात नाई, साहेब. फ्रिज चालू ठेवून बसतो," ते कुरकुरले. "पण मे मध्ये गिऱ्हाईकच नसते. गाव कुठी राह्यते तेव्हा?"

साहेबांनी यादी काढली. खुशालभाऊ सोडले तर अंगणातली सगळी नावं तिच्यात होती. कार्यालयात बसून त्यांना अख्खा मोहल्ला चोर दिसला होता. त्यांनी घरोघरी जाऊन मीटर तपासलं, सील पाहिलं आणि अकराही नावांवर रेघ मारली. बायका इतक्या हसल्या की माझं बाळ दचकून उठलं. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

पुढचं बिल आलं तेव्हा मी स्वतःच सासूबाईंजवळ जाऊन बसले. त्यांनी जुलैच्या खांबावर बोट टेकवलं.

"हा साहेबाचा," त्या म्हणाल्या.