हारूएच्या दुकानात प्रवचनाची वाटणी

हारूएच्या दुकानात प्रत्येक टेबलावर एक सुरी असते. चिकन हातानं खायचं, भाताला आणि मॅकरोनी सॅलडला काटा पुरतो, मग सुरी कशाला, हा प्रश्न फक्त बाहेरगावच्या माणसाला पडतो. ती शेवटच्या तुकड्यासाठी असते. हवाईतल्या आमच्या हिलोत ताटातला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. घेतला तर आईबापानं काय शिकवलं असं लोक विचारतात. म्हणून त्याचे दोन करायचे, एक घ्यायचा, एक ठेवायचा. ठेवलेल्याचे पुन्हा दोन. शेवटी नखाएवढा कण उरतो आणि सगळ्यांच्या सभ्यपणाची साक्ष देत ताटात वाळत बसतो.

त्या शनिवारी दुपारी आम्ही चौघं खिडकीपाशी बसलो होतो. आमचे काहू, म्हणजे किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या चर्चचे पाद्रीबाबा, एलिया नाइहे. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला मकिया. गायकांमधली पहिल्या रांगेतली फिलोमेना. आणि मी, नोबोरू तेशिमा. मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची पानं उलटतो. तीस वर्षं उलटतोय. दोन पानं एकदम उलटली असं एकदाही झालेलं नाही.

काहू बोलत नव्हते. घसा बसला होता आणि डॉक्टरांनी तीन आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये हे खपून गेलं असतं. आमच्याकडे प्रवचन गाऊन होतं. काहू गोष्ट सांगता सांगता सुरात शिरतात, शेवटची ओळ लोकांनी उचलायची, ती उचलली की ते पुढे सरकतात. मी सात वर्षांचा असताना, त्यांच्या आधीच्या काहूंच्या तोंडून, हे पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून देवानं आठवड्यात बाकीचे सहा दिवस कशासाठी केले, हे मला कळलेलं नाही.

आणि उद्याचा रविवार चर्चच्या स्थापनेचा. त्या दिवशी दरवर्षी घंटेचं प्रवचन. जुन्या लोकांनी होडीतून घंटा आणली, लाटेनं होडी उलटली, घंटा बुडाली, तीन दिवस सगळ्या गावानं बुड्या मारल्या, ती सापडली, खांद्यांवरून टेकडीवर नेली, आणि मग पहिल्यांदा वाजवली. एवढीच गोष्ट, पण रंगली की पाऊण तास जातो. समितीनं निरोप दिला होता: एक वाजेपर्यंत गाणाऱ्याचं नाव कळवा, नाहीतर काहूंचं चार वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावू.

रेकॉर्डिंगमधला आवाज काहूंचाच, हे खरं. पण समोर एखादी म्हातारी डोळे पुसायला लागली की काहू तीच ओळ तिच्यासाठी पुन्हा घेतात. यंत्र पुढे निघून जातं.

काहूंनी वहीत लिहून ती मधोमध सरकवली. 'उद्या कोण गाणार?'

"फिलोमेना असताना मी तोंड उघडू?" मकिया म्हणाला. "देव हसेल."

याच माणसाला सकाळी मी दुकानामागे, गाडीच्या सगळ्या काचा वर करून, सुरात घंटा बुडवताना पाहिलं होतं. काचा श्वासानं धुरकटल्या होत्या.

"काहीतरीच!" फिलोमेना म्हणाली. "मकिया, तुझा आवाज म्हणजे समुद्र. माझं आपलं घरातल्या नळासारखं." नळ घरातच वाहणार असता, तर तिनं कालच उद्यासाठी नवा पांढरा झगा इस्त्रीला दिला नसता. इस्त्रीवाली माझी वहिनी आहे.

"नाही, नाही, तूच."

"छे, छे, तूच."

तेवढ्यात ताटात एकच तुकडा उरल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं. लसूण आणि सोयाच्या चिकट पाकात न्हालेला, कडेला कुरकुरीत, मांडीचा तुकडा.

"घे की मकिया," फिलोमेना म्हणाली.

"माझं पोट फुटायला आलंय गं." अकरा तुकडे खाल्लेल्या माणसाला हे म्हणायचा हक्क होता. "तूच घे."

"मी तर आज नुसतं चाखायला आलेय."

मकियानं सुरी उचलली, दोन तुकडे केले, अर्धा घेतला. फिलोमेनानं उरलेल्याचे दोन केले. मग मकियानं. मग तिनं. काहूंनी वहीवर बोट आपटलं. भिंतीवरच्या घड्याळात एकला वीस मिनिटं कमी होती.

मकियानं बोटं चाटली, सुरीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"काहू, तुम्ही एवढं म्हणताय तर..." काहू काहीच म्हणाले नव्हते, त्यांना मनाई होती. "मी फार तर अर्धं गाईन. सुरुवातीचं. होडी, लाट, बुडणं."

"मग उरलेल्यातलं अर्धं मी," फिलोमेना लगेच म्हणाली. "बुड्या."

"उरलेल्यातलं अर्धं मी. सापडणं."

"त्यातलं अर्धं मी. टेकडी."

मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. वाटणीचं प्रवचन म्हणजे चार शिंप्यांनी शिवलेला सदरा, पण शिवणारी माणसं होती. तेवढ्यात वाटणी अडली. गोष्ट टेकडीवर पोचली होती आणि घंटा अजून वाजलेली नव्हती.

घंटा वाजते त्या चार ओळी आहेत. तिथे ऑर्गन थांबतो. माझ्या हाताला काम नसतं. काहू डोळे मिटतात आणि एकटे गातात: आम्ही तुला पाण्यात शोधलं, तू तर आधीपासून वाजत होतीस. गेल्या वर्षी त्या ओळींना मकियाच ढसाढसा रडला होता.

"ते तू घे," फिलोमेना म्हणाली.

"मी आधीच दोनदा घेतलंय. तूच घे."

"मीही दोनदाच."

"मग काहूंच्या मानाचं म्हणून राहू दे."

"राहू दे म्हणजे? घंटा वाजवायचीच नाही?"

हारूए टेबल पुसायला आली होती. दाराबाहेरपर्यंत रांग होती आणि आमची जेवणं केव्हाच झाली होती. तिनं ताटातला कण चिमटीत धरून सरळ तोंडात टाकला. दुकान तिचं, तिला कोण बोलणार? "तेवढ्या चार ओळींपुरतं रेकॉर्डिंग लावा की," ती म्हणाली. "आणि उठा. लोक उभे आहेत."

मला वाटलं, आता दोघं तिच्या अंगावर धावून जातील.

"तेवढ्यापुरतं काय हरकत आहे?" मकिया म्हणाला.

"उलट काहूंचाच आवाज. शोभेल," फिलोमेना म्हणाली.

म्हणजे होडी माणसं आणणार, बुड्या माणसं मारणार, टेकडी माणसं चढणार, आणि घंटा वाजवायला मशीन. काहूंनी पेन खाली ठेवलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते, आणि तेच मला सोसेना.

"मी गातो," मी म्हणालो.

मकियानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू?" मकिया म्हणाला. "चारही ओळी?"

"चारही."

"अर्ध्या नाही?"

"नाही."

"नोबोरू, अरे, तू पानं उलटतोस!" फिलोमेनानं छातीवर हात ठेवला. "आणि कुणी आग्रहसुद्धा केला नाही तुला."

"वाट पाहिली असती तर एक वाजला असता."

मग मात्र दोघांनाही त्या चार ओळी फार हव्याशा झाल्या. मकिया म्हणाला, आणखी एकदा विचारलं असतं तर तो घेणारच होता. फिलोमेना म्हणाली, तिनं त्याच्यासाठी ठेवल्या होत्या, आणि त्यानं घेतल्या नसत्या तर नाइलाजानं तिनंच घेतल्या असत्या.

काहूंनी वही पुढे केली. 'गा. आत्ता.'

"इथे?" मी विचारलं. त्यांनी 'आत्ता' हा शब्द अधोरेखित केला.

"तेल तापलंय," हारूए म्हणाली. "काय करायचं ते पटकन कर."

मी उभा राहिलो. हाताचं काय करायचं कळेना. उलटायला पान नव्हतं. सूर फार खाली लागला. पहिली ओळ मलाच नीट ऐकू आली नाही. दुसरीला आवाज फाटला. मकियानं डोळे मिटले, भक्तीनं नव्हे, सोसवेना म्हणून. तिसरीला काहूंचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले आणि त्यांचं बोट टेबलावर ठेका धरायला लागलं. चौथी ओळ मी गायलो आणि थांबलो, कारण ती लोकांनी उचलायची असते आणि इथे लोक कुठून येणार?

रांगेतून ती उचलली गेली. आधी पोस्टात काम करणाऱ्या बाईनं, मग तिच्या मागच्यांनी, मग दाराबाहेरच्यांनी, ज्यांना आत काय चाललंय ते दिसतही नव्हतं. तळणीपाशी हारूए गुणगुणत होती आणि चिकन काढायला विसरली होती. म्हणून मी तीच ओळ पुन्हा घेतली.

एकला तीन मिनिटं कमी असताना काहूंनी समितीचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"रेकॉर्डिंग नको," मी म्हणालो. "आम्ही तिघं गातोय."

"छान! पत्रकावर पहिलं नाव कुणाचं छापू?" चिटणीस मुलीनं विचारलं. फोनचा आवाज मोठा होता.

"फिलोमेनाचं," मकिया म्हणाला.

"छे, छे, मकियाचं," फिलोमेना म्हणाली.

"काका, छापखाना एकला बंद होतो!"

"नावं नकोत," मी म्हणालो. "नुसती वेळ छाप. साडेनऊ."

मी फोन ठेवला. दोघंही माझ्याकडे बघत राहिली, अगदी हसतमुखानं. काहूंनी तोवर वहीत नवीन ओळ लिहिली होती: 'उद्या दोन सूर वर लाव. आणि सकाळी आठला ये, सराव करू.' मी साडेसातला येतो म्हणालो.